गालातली साखर

आमच्या निपाणीकडे पूर्वी बाळाच्या जिभेला प्रथम मध लागे, आईचे दूध त्यानंतर. सहाणेवर सोन्याचे वळे उगाळावे, ते मधात कालवावे आणि घरातील वडीलधाऱ्या बाईने करंगळीने बाळाला चाटवावे, असा माझ्या सासरचा परिपाठ होता. आईचे पहिले पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते मात्र बाळाला जड जाते म्हणून पिळून टाकले जाई. तिसऱ्या दिवसापर्यंत बाळाचे पोषण काय, तर मध आणि बोळ्याने घातलेले साखरपाणी!

1981 साली, म्हणजे निपाणीला तंबाखू शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले त्या वर्षी, माझी पहिली मुलगी आठव्या महिन्यातच घरी जन्मली. सुपात मावेल एवढीशी. दुसऱ्या दिवशी तिचे हातपाय मधूनच थरथरू लागले, अंग गार पडले, बोळ्याचे पाणीही ती गिळेना. शेजारणी म्हणाल्या, "गुणी पोर हो, मुळीच रडत नाही." तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिच्या नशिबी तेवढेच होते, असे सर्वांनी म्हटले आणि मीही तेच मानून पुढे चालले.

गेल्या वर्षी धाकटी लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिला गरोदरपणात मधुमेह निघाला होता, म्हणून निपाणीस न थांबता आम्ही बेळगाव गाठले. मुलगा झाला, तीन किलो सातशे ग्रॅमचा. असे गुटगुटीत बाळ पाहून मी निर्धास्त झाले. पण दोन तासांनी परिचारिकेने त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला आणि यंत्रावर आकडा उमटला, 32. एवढ्या अंगाच्या बाळाला साखर कमी? मला ते पटेना. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "अज्जी, हेदरबेडरी." घाबरू नका म्हणे! माझ्या डोळ्यांपुढे ते सूप उभे राहिले होते.

बालरोगतज्ज्ञांनी मग शांतपणे समजावले. पोटात असताना बाळाला नाळेतून साखर अखंड मिळते. आईची साखर वाढलेली असली की बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करू लागते. नाळ कापली की पुरवठा तुटतो, पण ते इन्सुलिन काही काळ काम करीतच राहते. उलट अपुऱ्या दिवसांच्या, हडकुळ्या बाळाच्या यकृतात साखरेचा साठाच तोकडा असतो. लठ्ठ आणि रोड, दोघांनाही धोका तोच. साखर फार वेळ फार खाली राहिली, तर मेंदूला इजा होऊ शकते.

पूर्वी अशा बाळाला बहुधा वरचे दूध देत, नाहीतर आईपासून उचलून अतिदक्षता विभागात नेत आणि शिरेतून ग्लुकोज लावीत. आमच्या बाळाला तसे नेले नाही. परिचारिकेने त्याच्या गालाची आतली बाजू कापसाने टिपली, बोटावर चाळीस टक्के ग्लुकोजचे पारदर्शक जेल घेतले, थोडे थोडे करून गालात चोळले आणि लगेच त्याला आईच्या छातीशी दिले. मात्रा किलोमागे 200 मिलिग्रॅम, म्हणजे आमच्या बाळाला जेमतेम दोन मिलिलिटर. तासाभराने आकडा 51 झाला. पुढचा दिवसभर प्रत्येक पाजण्याआधी टाच टोचली जाई आणि प्रत्येक वेळी माझा जीव खालीवर होई.

हा उपाय प्रतिष्ठित केला तो न्यूझीलंडच्या हॅमिल्टन येथील संशोधनाने. जेन हार्डिंग, डेबोरा हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे 237 बाळांवर केलेली तुलना 2013 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. साखर 47 च्या खाली गेलेल्या बाळांपैकी काहींना जेल दिले, काहींना नुसते औषधहीन जेल. उपचार अपुरा ठरला तो पहिल्या गटात शंभरात चौदांना, दुसऱ्यात चोविसांना. दोन वर्षांनंतरच्या तपासणीतही जेलचा अपाय दिसला नाही. मात्र साखर उतरण्यापूर्वीच, धोक्यातील बाळांना सरसकट जेल द्यावे का, हे त्यांनी पुढे पडताळले, तेव्हा 2021 साली लाभ थोडाच दिसला आणि अतिदक्षता विभागात जाणाऱ्या बाळांची संख्या काही घटली नाही. साखर फारच खाली असेल किंवा बाळ झटके देत असेल, तर शिरेतून ग्लुकोज द्यावेच लागते. तेथे जेलवर विसंबता येत नाही.

गालात फिरणारे ते बोट पाहून मला सासूबाईंची करंगळी आठवली. त्यांच्या मनात बाळाचे हितच होते. परंतु मोजमाप नव्हते, टाचेतला थेंब नव्हता, आणि बाळाला खरा आधार देणारा चीक आम्ही पिळून टाकीत होतो. मधातून होणाऱ्या विषबाधेचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते. माझी मुलगी साखरेवाचून गेली, की आणखी कशाने, हे आता कोणी सांगू शकणार नाही. मी तज्ज्ञांना तरीही विचारले. ते क्षणभर थांबून म्हणाले, "आजी, तेव्हा कोणी मोजलेच नाही ना."

पाचव्या दिवशी आम्ही निपाणीस परतलो. शेजारच्या काकू हौसेने मधाची बाटली घेऊन आल्या. त्यांचे मन मोडू नये म्हणून ती मी घेतली आणि फळीवर ठेवली. नातवाचा पहिला वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. तो झाला की बाटलीचे झाकण काढायचे ठरले आहे.