हाइक

अल्जीरियाच्या राजधानीतल्या, अल्जीयर्सच्या जुन्या कसबा वस्तीतला हाइक म्हणजे पाचेक मीटर लांबीचं पांढरं, बिनशिवलेलं वस्त्र. आपल्या नऊवारीसारखाच तोही शिंप्याकडे कधी गेला नाही. नेसणारीच्या हातानं त्याला रूप यायचं. डोक्यावरून घेतलेला काठ हनुवटीखाली मुठीत धरायचा. कडेवर मूल आणि हातात टोपली असली, की तोच काठ दातांत. नाकातोंडावर ‘अजार’ नावाचा जाळीदार किनारीचा छोटा रुमाल. बाहेर दिसायचे ते फक्त डोळे.

स्वभावानं हा घरंदाज आणि अबोल. 1830 मध्ये फ्रेंचांनी शहर घेतलं, पण याच्या आडची बाई त्यांना दिसेना, आणि ते त्यांना कायम सलत राहिलं. 1954 च्या नोव्हेंबरात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा या अबोल वस्त्राच्या अंगावर मोठी कामगिरी आली. कसबाभोवती काटेरी तारा लागल्या. नाक्यावर पुरुषांची झडती व्हायची. बाईच्या हाइकला हात लावताना मात्र सैनिक सुरुवातीला कचरत. मग पिस्तुलं, पैसे, निरोपाच्या चिठ्ठ्या सगळं याच्या घड्यांतून जाऊ लागलं.

कधी याला घरी ठेवूनच निघावं लागे. 30 सप्टेंबर 1956 ला लढ्यातल्या तीन तरुणी झोहरा द्रिफ, सामिया लखदारी आणि जमीला बूहिरेद युरोपीय पोशाख करून शहराच्या फ्रेंच भागात गेल्या. पिशव्यांत बॉम्ब होते. एक फुटला नाही; ‘मिल्क बार’ आणि ‘कॅफेटेरिया’ या दोन कॅफेंत फुटले. तिथे बळी पडलेले, जखमी झालेले लोक साधे नागरिक होते, लहान मुलंसुद्धा. या मुलींच्या धैर्याबद्दल लिहिताना हे वगळणं मला शक्य नाही.

कालपर्यंत एकटी कोपऱ्यापर्यंत न जाणारी मुलगी आता रात्र रात्र परक्या पुरुषांबरोबर लपून राहत होती, आणि बाप तिला जाब विचारत नव्हता. ब्लिदाच्या इस्पितळात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या फ्रान्झ फानोननं 1959 मध्ये हा बदल टिपला. बापलेकीचं, नवराबायकोचं नातं आता पूर्वीचं राहणार नाही, अशी त्याला आशा होती. पण तो ऐन युद्धात लिहीत होता, आणि युद्धात दिलेली मोकळीक शांततेत परत मागितली जाते.

फ्रेंचांनीही या वस्त्राला सोडलं नाही. मे 1958 मध्ये अल्जीयर्सच्या चौकात भर सभेत बायकांचे हाइक उतरवण्याचे सोहळे झाले. परिणाम उलटा झाला: ज्यांनी तो केव्हाच सोडला होता, त्यांतल्या कित्येकींनी तो पुन्हा घेतला. 1960 मध्ये मार्क गारांजे या सक्तीच्या भरतीतल्या तरुण सैनिकाला ओळखपत्रांसाठी खेड्यांतल्या बायकांचे उघड्या चेहऱ्याचे फोटो काढायला लावलं. त्या फोटोंतल्या नजरा पाहाव्यात. काहींत उघड संताप आहे, काहींत आपल्याला आत येऊ न देणारी स्तब्धता.

खेड्यांची गोष्ट आणखी वेगळी. सैन्यानं वीस लाखांवर माणसं गावांतून उठवून छावण्यांत कोंबली. आपल्या भाऊबंदांच्या शेतात उघड्या तोंडानं राबणारी बाई तिथे परक्यांच्या नजरेत आली आणि तोंड झाकू लागली. एकाच युद्धानं शहरात मुलीच्या अंगावरून पडदा काढला आणि छावणीत तिच्या आईच्या तोंडावर आणला. स्वातंत्र्ययुद्ध समाजाला पुढे नेतं, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी या छावण्यांकडे बघावं.

5 जुलै 1962. देश स्वतंत्र झाला. हिरवे-पांढरे झेंडे आणि पांढरे हाइक एकाच रस्त्यावर उतरले. पहिल्या संविधान सभेत दहा स्त्रिया होत्या. माजी सैनिक म्हणून पुढे सुमारे 11,000 स्त्रियांची अधिकृत नोंद झाली. नंतर मात्र त्यांना, तुमचं काम झालं, आता घर सांभाळा, असंच सुचवलं गेलं. नव्या कौटुंबिक कायद्याची कुणकुण लागली तेव्हा 1981 मध्ये लढ्यातल्या जुन्या कार्यकर्त्या रस्त्यावर आल्या. तरी 1984 मध्ये कायदा झालाच: मुलीच्या लग्नाला पुरुष पालक हवा, नवऱ्याला बहुपत्नीत्वाची मुभा. ज्या हातांवर लढ्याची जोखीम सोपवली, त्या हातांना स्वतःच्या लग्नाच्या कागदावर एकट्यानं सही करता येईना. मला हा त्या युद्धाचा सर्वांत मोठा पराभव वाटतो.

हाइक गेला तो कुणाच्या हुकमानं नाही. शाळा, कचेरी, बसची दांडी, सगळ्याला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि हा एक हात कायम अडवून ठेवायचा. त्याची जागा शिवलेल्या, पिनेनं बसणाऱ्या हिजाबनं घेतली. आज्यांबरोबर तो कपाटात गेला.

2019 मध्ये ‘हिराक’ या सरकारविरोधी आंदोलनात अल्जीयर्सचे रस्ते शुक्रवारमागून शुक्रवार भरले, तेव्हा काही तरुण मुली आज्यांचे हाइक घालून आल्या. ऐंशी ओलांडलेल्या जमीला बूहिरेदही मोर्चात चालल्या. विद्यापीठाजवळ बायकांनी स्वतःचा वेगळा गट उभा केला, आणि गर्दीतल्या काही पुरुषांच्या शिव्या आणि धक्के खात त्या दर आठवड्याला मागत राहिल्या: 1984 चा कायदा रद्द करा.