टोकाचा नळ

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक रामकुंडाकडे लोटतं. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, यावर आम्ही पूर मोजतो. कॉलेज रोडवरचं भाड्याचं घर सोडून पाथर्डी शिवारात स्वतःच्या घरी आलो, तेव्हा कळलं, धरण भरलं म्हणून घरातलं पिंप भरतंच असं नाही.

आमची गल्ली चढावर, जलवाहिनीच्या शेवटी. खालच्या टाक्या भरल्या की मग आमच्याकडे करंगळीएवढी धार. खाली कुणी थेट नळाला टिल्लू पंप लावला तर तीही बंद. संताप यायचा. पण गल्लीतही ज्यांना परवडलं त्यांनी पंप घेतलेच. राहिल्या त्या मागच्या पत्र्याच्या खोल्या. तिथल्या बायका अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जायच्या, आणि पाणी नेमकं त्याच वेळी यायचं. एकीने मग सातवीतल्या मुलीला नळाशी बसवायला सुरुवात केली. हंडे भरेपर्यंत शाळेचा पहिला तास गेलेला असायचा. आमच्याकडे निदान गच्चीवर टाकी होती. त्या मुलीचं शिक्षण मात्र पाण्याच्या दाबावर अवलंबून होतं, हे मला आजही सहन होत नाही.

1982 मध्ये नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र करून महापालिका झाली. हद्द कागदावर वाढते. नळ, जलकुंभ, गटारी मागाहून येतात. पुढे मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रात आलं आणि आमच्या भागाला खरोखर दिलासा मिळाला. पण तोवर आमच्याही पलीकडे नव्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या. आता टोकाला त्या आहेत.

शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावं, असा निकष आहे. तो सरासरीने पुरा होतो की नाही यात मला रस नाही. सरासरीत ती मुलगी दिसतच नाही. आपल्याकडे घंटागाडी बंगल्यासमोर थांबते तशी चाळीसमोरही थांबते. पाण्याचं असं का होऊ नये? उंचावरच्या भागाला वेगळा जलकुंभ, थेट पंपांवर कारवाई आणि दाबाची मोजणी शेवटच्या नळावर, एवढंच आम्ही मागतो आहोत. कुंभमेळ्याच्या निमित्ताने शहरात कामं निघाली आहेत. त्यांचे नकाशे पक्के होण्याआधी अभियंत्यांनी एकदा पहाटे पाणी सुटताना त्या नव्या वसाहतींच्या टोकाला यावं, दाबमापक घेऊन.