ताडोबाचं तळं, शोपँची बॅलाड आणि परधानाची किंगरी

ताडोबाच्या तळ्याची कूळकथा १८७० सालच्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरात आहे. गवळ्यांचं वऱ्हाड चिमूरकडच्या डोंगरांतून चाललेलं, तहानेनं सगळ्यांचे जीव व्याकूळ. एक अनोळखी म्हातारा भेटतो. नवरानवरीनं इथंच खणावं म्हणतो. झरा फुटतो, पण फुटलेलं पाणी थांबत नाही. अख्खं वऱ्हाड त्याच्या पोटात जातं. निवांत रात्री ढोल आणि तुताऱ्या तळ्याभोवती फिरताना ऐकू येतात, असं आसपासचे लोक सांगत.

मी पियानो शिकवते. शोपँची दुसरी बॅलाड घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला मी आधी ही गोष्ट सांगते. पोलिश कवी आदाम मित्स्कियेविच याच्या १८२२ सालच्या संग्रहातही असंच एक तळं आहे, श्वितेश. त्याच्या मुलखातल्या रानातलं हे तळं, आणि त्याच्या तळाशी बुडालेलं नगर. मित्स्कियेविचच्या कवितांवरून बॅलाड सुचल्याचं शोपँ आपल्याशी बोलला होता, असं संगीतकार शूमानने १८४१मध्ये लिहिलं. कुठली कविता, हे शोपँने छापील प्रतीवर कुठेही लिहिलं नाही. श्वितेशचं नाव दुसऱ्या बॅलाडला पुढच्या लोकांनी चिकटवलं. हे कथानक स्वरांत शोधत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. इथे शत्रू आला, इथे नगर बुडालं, अशा खुणा करत गेलं की संगीत हातातून निसटतं.

मग बॅलाडमध्ये गोष्टीचं काय उरतं? माझ्या मते सांगणारा उरतो. दुसऱ्या बॅलाडची सुरुवात पाहा. एकच स्वर, सप्तकाच्या जोडीत, दबक्या आवाजात, पुन्हा पुन्हा. माणूस बोलायला लागण्याआधी बैठक जमवतो, तसं. मग सहा मात्रांच्या डौलात धून झुलत राहते आणि एका स्वरावर रेंगाळत विरते. त्यावर काही सूचना न देता वादळ कोसळतं. वादळानंतर पहिली धून परत येते, पण अर्ध्यावर अडखळते, भलत्याच वाटेला लागते. ती आता पूर्वीसारखी सांगता येत नाही. रचना सुरू झाली फा मेजरमध्ये, संपते ला मायनरमध्ये. पहिल्या धुनेचा तुकडा तिथे अगदी हळू ऐकू येतो. घटना एकही कळली नाही, तरी सांगणाऱ्यावर काय गुजरलं ते कळतं. ब्राम्सने १८५४मध्ये वेगळी वाट धरली. त्याच्या पहिल्या बॅलाडवर ‘एडवर्ड’ या स्कॉटिश कथागीताचं नाव आहे, आणि आईचे प्रश्न, मुलाची उत्तरं स्वरांत जवळजवळ ऐकू येतात. मला शोपँची वाट अवघड आणि मोठी वाटते.

या वाटेचा अर्थ मला पुस्तकांपेक्षा परधानांच्या किंगरीने जास्त समजावला. राजुरा-जिवतीच्या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे आदिलाबादेत परधान हे राजगोंडांचे पिढीजात कथाकार. कुळदैवताच्या, पर्सापेनच्या, पूजेत आणि मर्तिकात त्यांच्यावाचून चालत नाही. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फने १९४०च्या दशकात आदिलाबादेत काम करताना नोंदवलं, की या परधानांची घरची बोली मराठी, पण कथा ते गोंडीत गातात. दुसऱ्याच्या कुळाची आठवण, दुसऱ्याच्या भाषेत, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली. नर्मदेकडच्या परधानांवर १९४६मध्ये पुस्तक लिहिलं ते शामराव हिवाळे यांनी, आपल्याच मराठी माणसाने. तिकडे परधानांच्या या तंतुवाद्याला, किंगरीला, बाना म्हणतात आणि त्यात बडादेव वसतो असं मानतात. सात गोंड भावांतल्या धाकट्याने हे वाद्य घडवून वाजवलं, म्हणून रुसलेला देव ऐनाच्या झाडावरून उतरला. त्या धाकट्याचे वंशज ते परधान.

किंगरी म्हणजे तीन तारा, एक गज. गायकाने ओळ टाकली की किंगरी ती ओळ शब्दांवाचून पुन्हा म्हणते. कधी गळा थांबतो आणि गज चालूच राहतो, तीच चाल, जरा खाली, जरा घासून. मला गोंडी जेमतेम समजते. त्यामुळे माझं लक्ष त्या जागांवर जास्त जातं. समोरच्या जाणत्या माणसांच्या मनात त्या वेळी शब्द चालू असतात, माझ्या मनात नसतात. तरी कथा पुढे सरकली आहे हे मला कळतं, कारण परतून आलेली चाल आधीसारखी राहिलेली नसते.

आपण मात्र या परंपरेचे शब्द तेवढे जपले. मिशनरी स्टीफन हिस्लॉपने नागपूरकडे परधानाकडून मिळवलेली गोंडांच्या लिंगोची कथा त्याच्या मृत्यूनंतर, १८६६मध्ये, छापली गेली. तो मोठा ठेवा आहे, पण पानावर किंगरी नाही. नंतरच्या संग्रहांतही बहुधा असंच होतं: गीत उतरवतात, मधलं वादन ‘संगीत’ एवढ्या एका शब्दात गुंडाळतात. शोपँच्या हस्तलिखितातली एक खोडलेला स्वरही अभ्यासक भिंगाखाली धरतात, आणि इथे कथेचा निम्मा भाग नोंदीबाहेर राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गडचिरोलीत २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. परधानांच्या पूर्ण रात्रीच्या कथा, परधान आणि त्यांच्या यजमान कुळांच्या संमतीने आणि योग्य मानधन देऊन, तिथे ध्वनिमुद्रित व्हाव्यात. गायक पाणी प्यायला थांबला आणि किंगरी चालू राहिली, तर ध्वनिमुद्रणही चालू राहावं.