हेडसेट जोडला, पण आवाज?

दहावीच्या मुलांना मी संध्याकाळी ऑनलाइन विज्ञान शिकवते. कॅमेऱ्याखाली कागदावर आकृत्या काढताना हेडफोनची तार मध्ये मध्ये येते, म्हणून ब्लूटूथ हेडसेट घेतला. फोनला तो लगेच जोडला गेला. डेबियन 12 असलेल्या डेस्कटॉपला मात्र पेअर व्हायचा, क्षणभर 'कनेक्टेड' दिसायचा आणि सुटायचा.

'पेअरिंग पुसून पुन्हा कर,' हा सल्ला सगळेच देतात. त्याने बिघाड नेमका कुठे आहे ते कळत नाही, आणि मला तेच जाणून घ्यायचं होतं. आधी फोनचं ब्लूटूथ बंद केलं, कारण बरेचसे हेडसेट सुरू होताच ओळखीच्या फोनला जाऊन चिकटतात. मग टर्मिनल उघडला. 'आरएफकिल'ने रेडिओ चालू असल्याचं सांगितलं, 'सिस्टमसीटीएल'ने ब्लूटूथची सेवा चालू असल्याचं. शेवटी 'ब्लूटूथसीटीएल'मधून जोडून पाहिलं, तेव्हा खरी तक्रार समोर आली: 'बीआर-कनेक्शन-प्रोफाइल-अनअव्हेलेबल'.

लिनक्सवर ब्लूटूथची जोडणी ब्लूझेड करतं, पण आवाज सांभाळतो तो पल्सऑडिओ किंवा पाइपवायर. त्यांच्यापैकी कुणीच 'ब्लूटूथचा आवाज मी घेतो' असं ब्लूझेडकडे नोंदवलेलं नसेल, तर जोडणी होऊनही टिकत नाही. माझ्याकडे पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर होतं आणि डेबियनमध्ये त्याचा ब्लूटूथचा भाग 'लिबस्पा-0.2-ब्लूटूथ' नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतो. ते बसवलं, लॉगआउट करून परत आले आणि हेडसेटमध्ये गाणं वाजलं. फार आनंद झाला.

तास सुरू होऊन माइक चालू झाला आणि मुलांचे आवाज जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखे बसके ऐकू येऊ लागले. हा दोष लिनक्सचा नव्हे. गाणी येतात ती एटूडीपी प्रोफाइलवरून: स्टीरिओ, दर्जेदार, पण एकाच दिशेने. माइक हवा असेल तर हेडसेटला एचएफपी या दुसऱ्या प्रोफाइलवर जावं लागतं. तिथे आवाज दोन्ही दिशांनी जातो, पण मोनो. सीव्हीएसडी कोडेक असेल तर सेकंदाला फक्त 8,000 नमुने, एमएसबीसी असेल तर 16,000. एखाद्या ॲपने माइक मागितला की पाइपवायरचा सेशन मॅनेजर वायरप्लंबर हा बदल आपोआप करतो. 'पावूकंट्रोल' या आवाजाच्या सेटिंग्जच्या ॲपमधल्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये आपण तो हाताने फिरवू शकतो. हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. तोवर हेडसेटच खराब निघाला असं वाटत होतं.

मुलांना माझं बोलणं स्वच्छ ऐकू जावं आणि त्यांच्या शंका मला नीट कळाव्यात, यावर अख्खा तास अवलंबून असतो. त्यासाठी मी टेबलावर तारेचा साधा माइक ठेवला, ॲपमध्ये तोच निवडला आणि हेडसेट एटूडीपीवरच राहू दिला. शिकवणाऱ्या प्रत्येकाला मी हीच जोडी सुचवेन. आणि हेडसेट जोडलाच जात नसेल, तर तो दुकानात परत करण्याआधी ब्लूटूथसीटीएल काय म्हणतं ते एकदा वाचा.