आधी हवा, मग रंग

अब्बूंनी हिंगणघाटच्या एका गॅरेजमध्ये तीस वर्षं गाड्या रंगवल्या, नाकाला नुसता रुमाल बांधून. संध्याकाळी त्या रुमालाचा रंग बघून आज कोणती गाडी आली होती, ते आम्हा भावंडांना कळायचं. आता जिना चढताना ते दोनदा थांबतात. म्हणूनच मी एअरब्रश घ्यायचं म्हटलं तेव्हा अम्मी एवढंच म्हणाली, "फिर वही फवारा, घर में?"

निमित्त होतं मिग-२१ चं. १९६३ पासून आपल्या वायुदलात असलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. वर्गात दाखवायला मी १:७२ मापाचं मॉडेल जोडलं आणि कुंचल्याने रंगवलं. पंखांवर रेघा उठल्या. या मापात मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे सात सेंटिमीटर. जाड थराखाली पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा बुजून गेल्या.

निवड करताना चार गोष्टी पाहिल्या. ब्रश डबल अ‍ॅक्शनचा : बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. नोझल ०.३ मिलिमीटरचं, रंगाची वाटी वरच्या बाजूला, म्हणजे थोडा रंगही पुरतो. कॉम्प्रेसर टाकीवाला, म्हणजे हवेला धक्के बसत नाहीत. शिवाय पाणी अडवणारा फिल्टर, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात नळीतून थेंब उडतात. रंग मात्र पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रेलिक. तेही फुप्फुसात जातातच, म्हणून फिल्टरचा मास्क आणि खिडकीत एक्झॉस्ट पंखा. अम्मीची अटच होती ती.

दिवाळीच्या सुट्टीत रद्दीवर सराव सुरू केला. रंग फार पातळ झाला की कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटायचे. दुपारच्या कोरड्या उन्हात तो सुईच्या टोकावरच वाळायचा आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत व्हायचा. मग रंग दुधाइतका पातळ ठेवला, दाब पंधरा ते वीस पीएसआय, आणि कामाची वेळ रात्रीची. तरी सुरुवातीला दर वेळी एक टिपका पडायचाच.

अब्बू दारात खुर्ची टाकून बघत होते. चौथ्या दिवशी राहवलं नाही. "पहले हवा, फिर रंग. बंद करते वक़्त पहले रंग, फिर हवा."

मी बी.एड. झालेला, रोज इतरांना शिकवणारा माणूस. हे इतकं सोपं मला कोणत्याच व्हिडिओने असं सांगितलं नव्हतं.

मी मास्क त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हमारे वक़्त में ये कहाँ था." मग नीट बांधला. त्यांचा हात पंखाच्या अलीकडून निघायचा आणि पंख ओलांडून थांबायचा. पंखावर मध्येच कुठेही अडायचा नाही. डावा पंख एकसारखा राखाडी झाला. मग त्यांना दम लागला आणि त्यांनी ब्रश माझ्याकडे दिला.

उजवा पंख मी केला. उजेडात धरला की फरक दिसतो. पुन्हा रंगवायचा विचार होता, पण अब्बू म्हणाले, "रहने दे."