टीना कोण?

खोबरेल तेलाने पुसून भिंगाखाली धरल्यावर पात्याच्या मुळाशी चार इंग्रजी अक्षरं दिसली: टीना. मरहूम अब्बांच्या पेटीतल्या घडीच्या चाकूवर बाईचं नाव! "ही कोण?" अम्मींनी विचारलं आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

चाचांना हसू आलं नाही. "गोदावरीत सोडून द्या. आपल्या घरात चाकू निघाला की लोक त्याला रामपुरीच म्हणणार." त्यांची धास्ती उगीच नव्हती. तरी ओळख पटल्याशिवाय वडिलांची वस्तू पाण्यात टाकणं आम्हाला मान्य नव्हतं.

रामपुरीचं पातं वीतभर, हे जेमतेम बोटाएवढं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची. टीना ही जर्मनीतल्या रॉयटलिंगेनची, १८५४ पासूनची चाकू कंपनी. माळीकामाचे चाकू ही तिची खासियत. आमच्या चाकूवर 'वेस्ट जर्मनी' आहे, म्हणजे १९४९ ते १९९० या काळातला.

पण नावापेक्षा खरी साक्ष धारेची. ती एकाच बाजूने आहे, दुसरी बाजू सपाट. त्यामुळे काप सरळ जातो. शिवाय पितळेची एक बोथट जीभ आहे. मारामारीत तिचा काय उपयोग? खुंटावर चीर द्यायची, या जिभेने साल अलगद उचलायची, आत गुलाबाचा डोळा सरकवून पट्टीने बांधायचा. अब्बा एका रोपवाटिकेत हेच करत. मोगल अमलात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो.

धार अजून शाबूत आहे. थंडी पडली की अंगणातल्या गावठी गुलाबावर डोळा भरून पाहणार आहोत.