काळे ठिपके

वडिलांच्या एमआरआयमधील नेहमीच्या चित्रांत फारसे काही नव्हते. ‘एसडब्ल्यूआय’ या विशेष चित्रणात मात्र मेंदूच्या खोल भागात पाच-सहा काळे ठिपके उमटले होते. डॉक्टर म्हणाले, “हे जुने, सूक्ष्म रक्तस्राव.”

रक्त ओसरते, पण त्यातील लोह मागे साचून राहते. यंत्राच्या चुंबकक्षेत्रात ते आपल्याभोवती किंचित विस्कळीतपणा निर्माण करते. तेथील संकेत मावळतो आणि डाग काळा दिसतो, प्रत्यक्षाहून जरा मोठाच. प्राणवायू सोडलेल्या रक्ताची अशी चुंबकीय खूण असते, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. कॅल्शियमचा कणही असाच काळा दिसू शकतो, म्हणून फेजचे चित्र ताडून पाहावे लागते. डॉक्टरांनी ते पाहिले होते.

खोल भागातील असे ठिपके बहुधा दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाचे. वडिलांना कधी काहीच जाणवले नव्हते. “आज बरं वाटतंय” म्हणून ते रक्तदाबाची गोळी चुकवीत. आम्हीही, खरे सांगायचे तर, कधी हटकले नाही. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने सुरू केलेली ॲस्पिरिन डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली.

परतताना वडिलांनी रिक्षात एवढेच विचारले, “गोळी जेवणाआधी की नंतर?”